चार ठोक्यांतला एक

आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली होतं. नव्या माणसाला हे सांगावं लागायचं, कारण तो सवयीने समोरचं झाकण उघडायला जायचा. ड्रायव्हरशेजारची डावी सीट मागे उलथली की खाली इंजिनचा वरचा भाग दिसायचा, प्लगांच्या चार काळ्या वायरी आणि त्यांच्यावर बसलेली हडपसरची धूळ. उन्हाळ्यात त्या सीटवर बसणाऱ्याच्या मांड्या शेकून निघायच्या. माझे यजमान ती व्हॅन शाळेच्या मुलांसाठी चालवायचे. सकाळी सोसायट्यांमधून मुलं गोळा करायची, शाळेत सोडायची, दुपारी घरोघर परत आणायची. आमचं घर त्या गाडीवर चाललं होतं आणि गाडी त्यांच्या हातांवर. लहानसहान दुरुस्ती ते स्वतःच करायचे, रविवारी, पार्किंगमध्ये, बनियनवर.

एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा पाय काठीच्या आधाराने हळूहळू चालू लागला, उजवा हात मात्र कुणी दुसऱ्याने मांडीवर आणून ठेवावा तसा पडून राहायचा. आणि बोलणं गेलं. आपण काय म्हणतो ते त्यांना बहुतेक समजायचं, पण तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा, 'चला'. इतकी वर्षं गेटपाशी उभं राहून मुलांना घाईला लावायचा तो शब्द. पाणी हवं असलं तरी 'चला', पाय दुखला तरी 'चला', लेकीचा फोन आला की डोळे भरून 'चला'. आपल्या तोंडून भलतंच येतंय हे त्यांना कळायचं. मग ते भिंतीकडे बघत बसायचे.

शनिवार पेठेत वाचेवर उपचार करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांच्याकडे मी यांना घेऊन जायचे. त्या चित्रं दाखवायच्या. पेरू, छत्री, गाय. यजमान छत्रीकडे बघून 'चला' म्हणायचे आणि घामाघूम व्हायचे. एकदा बाहेर निघताना त्या मला म्हणाल्या, "पेरू-छत्रीत यांना रस नाहीये हो. ज्यात त्यांचं आयुष्य गेलं त्याबद्दल विचारा. आणि हो की नाही असं विचारू नका, त्यांची हो-नाहीची मान गोंधळते. दाखवा म्हणायचं."

मी मान डोलावली. पण गाडीबद्दल त्यांना काही विचारायचं मी टाळतच होते. गाडी विकून टाक असं सगळ्यांनी सांगितलं होतं. मी घरी साड्यांना फॉल-पिको करायचे, तेवढ्यावर औषधंसुद्धा आली नसती. म्हणून ड्रायव्हिंग स्कूल लावलं, लायसन्स काढलं, आणि जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा स्टिअरिंगवर मी होते. माझ्या मदतीला गाडीत एक मावशी असायच्या. यवतमाळकडच्या, नवरा इकडे कारखान्यात. मुलांना चढवायचं, उतरवायचं, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं हे त्यांचं काम. शाळा उघडायच्या आधी मी हौसेने सीटा नव्याने करून घेतल्या होत्या. जुनं फाटकं रेक्झिन काढून निळं टाकलं. यजमानांना खाली नेऊन दाखवलंसुद्धा नाही. ज्या सीटवर आपण बसू शकत नाही ती कशाला दाखवायची, असं मला वाटलं होतं.

जुलैत एका दुपारी फ्लायओव्हर चढताना गाडीने पहिला झटका दिला. मी सेकंडमध्ये होते, पाय ॲक्सिलरेटरवर, आणि गाडी एकदम पुढे ओढल्यासारखी व्हायची नि मागे खेचल्यासारखी. मुलांना आधी मजा वाटली. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काकू, गाडीला उचकी लागली!" मग सगळीच उचक्या द्यायला लागली. पण चढावर वेग इतका उतरला की मागचे ट्रकवाले हॉर्नवर हात ठेवून बसले, आणि सगळ्यात धाकटी मुलगी रडायला लागली. शेजारच्या सीटवरच्या मावशी डॅशबोर्ड धरून म्हणाल्या, "ताई, गाडी काहून अशी करून राहिली?"

"काही नाही हो, होतं असं," मी म्हटलं. 

मावशी उठून मागे गेल्या, त्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या. पुलाच्या उतारावर गाडी आपोआप नीट झाली आणि घरी येईपर्यंत सुतासारखी चालली.

यजमानांच्या ओळखीचे एक मेकॅनिक होते, हडपसरच्या गाडीतळाच्या बाजूला त्यांचं छोटं गॅरेज. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मिसिंग मारत असणार. चारातला एखादा सिलिंडर मधेच काम सोडतो." त्यांनी प्लग बदलले आणि गाडी घेऊन एकटेच चक्कर मारून आले. मी तोवर गॅरेजच्या बाकड्यावर बसून पालकांना फोन करत होते, आज उशीर का झाला ते सांगायला. चक्कर मारून आले ते म्हणाले, "एकदम मस्त."

दोन दिवस खरंच मस्त गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मगरपट्ट्याच्या सिग्नलवर पुन्हा तेच. पुन्हा गॅरेज. गाडी गॅसवर चालायची, तर ते म्हणाले गॅसकिटचं सेटिंग हललं असेल. सेटिंग झालं. मग फिल्टर बदलला. मग पाऊस लागला होता म्हणून ओल धरतेय असं ठरलं, वायरी कोरड्या करून त्यावर कसलासा फवारा मारला. दर वेळी ते एकटे चक्कर मारून यायचे आणि दर वेळी गाडी शहाण्यासारखी वागायची. शेवटी तेही वैतागले. "वहिनी, माझ्यासमोर ही एकदाही खोकत नाही. तुम्हाला बघून लाडात येते वाटतं."

मी हसले, पण रात्री झोप लागायची नाही. मला वाटायला लागलं होतं की गाडीत काही नाहीच, मीच काहीतरी चुकीचं करते. क्लच जास्त दाबते, गिअर उशिरा टाकते. इतकी वर्षं त्यांच्या हातात गाडीने कधी असं केलं नव्हतं. सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त साहेब राहायचे. माझी गाडी आत येताना ते हमखास खुर्ची टाकून बसलेले असायचे. "आपल्या गाडीला रोज ठसका लागतो वाटतं," ते म्हणाले. "पाणी देऊन बघा." एका मुलाच्या आईचा फोन आला. ती चांगलंच बोलली, आवाज चढवला नाही. "काकू, तुमची परिस्थिती आम्हाला कळते. पण हायवेवर गाडी बंद पडली तर? मला ऑफिसमध्ये लक्षच लागत नाही हो." तिला काय सांगणार? तिच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

घरी मी यातलं काही बोलत नव्हते. पण आमची गॅलरी गेटच्या बरोब्बर वर, दुसऱ्या मजल्यावर. यजमान दुपारभर तिथे बसलेले असायचे. मी गाडी आत घेताना त्यांना सगळं ऐकू जात होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

एका दुपारी मावशी नेहमीसारख्याच पुढे बसून माझ्याबरोबर सोसायटीपर्यंत आल्या होत्या. गाडी गचके खातच गेटमधून आत शिरली. मी वर आले तर हे गॅलरीच्या कठड्यावर डाव्या हाताने थापा मारत होते. मला बघितल्यावर आणखी जोरात. "काय हवंय? चहा?" मी विचारलं. "चला!" ते ओरडले. पाणी दिलं, पंखा लावला, बाथरूमला न्यायला गेले तर माझा हात झिडकारला. आणि पुन्हा थापा. शेवटी शेजारच्या स्टुलावरची वाटी उचलून त्यांनी फेकली. ती भिंतीवर आपटून स्वयंपाकघरापर्यंत गरगरत गेली.  ते रडायला लागले, आवाज न करता. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने त्यांनी माझं मनगट धरून माझा हात उताणा केला आणि तळव्यावर बोटांनी हळूहळू ठोके द्यायला लागले. टक टक टक, आणि थांबले. टक टक टक, आणि थांबले. जिथे थांबायचे तिथे बोट हवेतच धरायचे, तळव्याला लावायचे नाहीत आणि माझ्याकडे बघायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. चौथा ठोका येत नव्हता. प्रत्येक वेळी तोच.

"गाडी?" मी म्हटलं. "गाडीचा आवाज असा येतो?"

त्यांनी डोळे मिटले आणि मान मागे टाकली. इतक्या महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा सैल पडलेला पाहिला नव्हता.

मला त्यातलं तंत्र काही कळत नव्हतं. म्हणून मेकॅनिकला फोन लावला आणि यजमानांनी दिलेले ठोके टेबलावर वाजवून त्यांना ऐकवले. ते म्हणाले, "दादांनी सांगितलं हे? मग गॅसचा प्रश्न नाही, वहिनी. गॅसचा असता तर चारही सिलिंडर आडवेतिडवे अडखळले असते. दर वेळी ठराविक एकच गळतोय, म्हणजे त्याच्या प्लगला स्पार्क पोचत नाहीये. पण मी बघतो तेव्हा पोचतो, त्याला काय करू?"

फोन स्पीकरवर होता. यजमान काठी शोधायला लागले होते.

रविवारी सकाळी ते खाली उतरायला तयार झाले. आजारपणानंतर ते जिना उतरले होते ते फक्त दवाखान्यासाठी आणि शनिवार पेठेतल्या त्या बाईंसाठी, तेही मी मागे लागल्यावर. त्या दिवशी त्यांनीच चप्पल पायाने पुढे ओढली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, माझ्या खांद्यावर भार टाकत उतरलो. पार्किंगमध्ये ते गाडीसमोर थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. निळ्या सीटांवरून हात फिरवला. 

मी त्यांना डाव्या सीटवर बसवलं, दुसऱ्या बाजूने येऊन गाडी सुरू केली. लगेच उचक्या सुरू. इतक्या पटकन आजार दिसला म्हणून मला आनंदच झाला. इंजिन चालू ठेवून मी त्यांना खाली उतरवलं, सीट उलथली. इंजिन एकदम गुळगुळीत. टक टक टक टक. सीट खाली टाकली, ते बसले, पुन्हा गचके. उतरवलं, सीट उचलली, पुन्हा गुळगुळीत. उतरताना-चढताना ते दमले होते, श्वास लागला होता. मी म्हटलं, "अहो, राहू द्या, पुढच्या रविवारी बघू." आणि हे बोलता बोलता मी मधेच थांबले.

"तुम्ही बसला की होतंय," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघायला लागले.

मग मला सगळं भराभरा आठवत गेलं. पहिल्या दिवशी पुलावर मावशी पुढे बसल्या होत्या. त्या मागे गेल्या आणि गाडी सुधारली, ती उतारामुळे नव्हे. ज्या दिवशी धाकटी रडायची त्या दिवशी मावशी मागे बसायच्या आणि गाडी नीट चालायची. ती रडली नाही की मावशी पुढे, आणि आमचे हाल. मेकॅनिक दर वेळी एकटे चक्कर मारायचे, शेजारची सीट रिकामी. आणि बघायला म्हणून सीट उचलली की दोष पळून जायचा. कुणालाच तो दिसणं शक्य नव्हतं.

हे सगळं मी त्यांना धडाधडा सांगितलं. त्यांनी डावा हात उचलून मला थांबवलं आणि चावी फिरवल्याची खूण केली. मी इंजिन बंद केलं. ते गार होईपर्यंत आम्ही तिथेच पायरीवर बसलो. मग मी सीट उलथून धरली, त्यांनी दाराला कंबर टेकवून तोल सांभाळला आणि डावा हात आत घातला. वायर दोन बोटांत धरून अंगठा तिच्यावरून सावकाश सरकवत नेला. पहिली. दुसरी. तिसऱ्या वायरीच्या मध्यावर अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. मी वाकून बघितलं. काळ्या रबरावर सुईने टोचावं एवढं भोक आणि त्याच्या भोवती राखेसारखा पांढरट डाग.

"दाखवा, हे कशाने झालं?" मी विचारलं. त्यांनी बोट सरळ वर केलं. उलथलेल्या सीटच्या तळातून एक बोल्ट बाहेर आला होता, नवा, चकचकीत, बाकीच्यांपेक्षा चांगला बोटभर लांब. त्याच्या टोकावर काळा ठिपका. सीट शिवणाऱ्याला जुना बोल्ट सापडला नसेल, त्याने हाताला लागला तो लावला असणार. सीटवर कुणी बसलं की फोम दाबून तो खाली यायचा, वायरीला टेकायचा, आणि प्लगला जाणारा करंट त्या भोकातून बोल्टमध्ये उतरून गाडीच्या अंगात जिरायचा.

मी मोठ्याने हसले, आणि मग मला रडू आलं. माझ्या हातांचा दोष नव्हता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, त्यांनाही नाही. पण त्यांनी तो काळा अंगठा पँटला पुसला आणि माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, म्हणजे काय समजायचं ते त्यांना समजलं असावं.

मेकॅनिक स्कूटरवरून नवी वायर घेऊन आले. भोक बघितलं, बोल्ट बघितला, आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे मी इतके दिवस एकटा फिरत होतो ते चुकलं. जोडीने फिरायला पाहिजे होतं." त्यांनी आखूड बोल्ट लावला, वायर बदलली, क्लिपमध्ये नीट बसवली. जाताना यजमानांच्या समोर उकिडवे बसून म्हणाले, "दादा, एखाद्या दिवशी गॅरेजवर या ना. नुसते बसा. चहा पाजतो." यजमानांनी मान कुठेतरी मधेच हलवली, हो की नाही कळलं नाही. मेकॅनिकने ते हो धरलं.

गाडीची खात्री करायला चढ हवा होता. दुपारी जेवून आम्ही दोघंच दिवे घाटात निघालो. ते डाव्या सीटवर, खिडकीची काच खाली, वारा घेत. सासवड रोडला गर्दी होती, गाडी छान ओढत होती. घाट सुरू झाला तशी मी घाबरले. मी त्याआधी घाटात गाडी कधी चढवली नव्हती. पहिल्या मोठ्या वळणावर पुढे एक टेम्पो रेंगाळला आणि मी क्लच अर्धा दाबून, गाडी तशीच तोलून धरून बसले. जळका वास यायला लागला. यजमानांनी डावा पाय जमिनीवर आपटला. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा आपटला, आणि हात लांब करून गिअरवरच्या माझ्या हातावर फटका मारला.

"अहो, चालवू द्या मला!" मी ओरडले.

"चला! चला चला!" ते माझ्यावर ओरडले, लाल होऊन.

"चलाच करतेय ना! तुम्ही मारू नका हाताला! गाडी मी चालवतेय की तुम्ही?"

"च-ला!" त्यांनी पायाने दाखवलं, पूर्ण दाब, नाहीतर पूर्ण सोड.

मी दातओठ खात क्लच पूर्ण दाबला, फर्स्टमध्ये टाकली, क्लच सोडला, गाडी वर निघाली. पुढची दोन वळणं आम्ही भांडतच गेलो. मी त्यांच्या सगळ्या जुन्या सवयी काढल्या. ते एकाच शब्दात उलट उत्तरं देत राहिले, आणि मला त्यातलं प्रत्येक उत्तर अचूक कळत होतं. आजारपण आल्यापासून मी त्यांच्याशी भांडले नव्हते. आजारी माणसाशी भांडतात का, म्हणून गप्प बसायचे, आणि तेही गप्प राहायचे. वर पोचल्यावर मी गाडी कडेला घेतली.  खाली तलाव चमकत होता. एका टपरीवरून मी कांदाभजी आणली. त्यांनी डाव्या हाताने एक उचलली, फुंकर मारली आणि पहिली माझ्या तोंडात घातली. राग गेलेला नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

गाडीने नंतर कधी गचका दिला नाही. मावशी पुढे बसायला पहिले काही दिवस घाबरल्या. "मी बसली का बिघडते म्हणता ना," असं म्हणायच्या. मग सवय झाली. त्या फोन करणाऱ्या आईने मुलाला आमच्याच गाडीत ठेवलं. यजमान आठवड्यातून एक-दोनदा गॅरेजवर जाऊन बसायला लागले, मी मुलांना शाळेत सोडून त्यांना तिथे उतरवायचे आणि दुपारी उचलायचे. तिथे कुणी त्यांना चित्रं दाखवत नव्हतं. ते खुणेने पान्हा मागायचे, हातात हवा तो येईपर्यंत बोट दाखवत राहायचे.

शब्द हळूहळू येऊ लागले, मोजकेच आणि मनाला येतील तसे. शनिवार पेठेतल्या बाईंनी मला विचारलं, 'चला'नंतरचा पहिला शब्द कोणता आला? मी सांगितलं, 'क्लच'. त्या खूप हसल्या. त्याच्या मागून 'प्लग' आला, 'भजी' आला, लेकीचं नाव आलं. माझं नाव यायला पुष्कळ उशीर लागला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं.